विषुवदिनी दिवस बारा तासांपेक्षा मोठा का भरतो?

एका माध्यमिक शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: पाठ्यपुस्तकात २१ मार्चला दिवस आणि रात्र समान असतात असे लिहिलेले आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुण्याच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढून पाहिल्या, तर २० मार्चलाच दिवस १२ तास ७ मिनिटांचा निघाला आणि खरी समानता १४ मार्चच्या आसपास सापडली. त्यातच एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी सांगितले की सूर्य मेषेत १४ एप्रिलला जातो, म्हणून खरा विषुवदिन तोच. मुलांना यातले कोणते उत्तर द्यावे, असे त्या विचारतात.

मुलांनी केलेले गणित बरोबर आहे, हे आधी सांगतो. गोंधळ त्यांच्या आकड्यांत नसून आपण ‘विषुवदिन’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या घटना कोंबतो त्यात आहे. सूर्याने खगोलीय विषुववृत्त ओलांडणे ही एक घटना, घड्याळाप्रमाणे दिवस-रात्र समान होणे ही दुसरी, आणि निरयन मेष संक्रांत, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या मेष राशीत सूर्याचा प्रवेश, ही तिसरी. या तिन्ही एकाच दिवशी याव्यात असा निसर्गाचा काही नियम नाही आणि आज त्या एका दिवशी येतही नाहीत.

खगोलशास्त्र ज्याला वसंतसंपात म्हणते ती पहिली घटना होय. पृथ्वीचे विषुववृत्त आकाशापर्यंत ताणले तर जे वर्तुळ मिळते ते खगोलीय विषुववृत्त. सूर्य वर्षभर ज्या मार्गाने ताऱ्यांमधून सरकताना दिसतो ते क्रांतिवृत्त. ही दोन वर्तुळे एकमेकांना सुमारे साडेतेवीस अंशांचा कोन करून दोन ठिकाणी छेदतात. त्यांपैकी ज्या छेदनबिंदूतून सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो तो वसंतसंपात. सूर्यबिंबाचे केंद्र त्या बिंदूवर येणे हा एक क्षण असतो, दिवस नव्हे, आणि तो क्षण साऱ्या जगासाठी एकच असतो. वेगळी असते ती फक्त त्या त्या देशाच्या घड्याळातली वेळ. २०२५ मध्ये हा क्षण भारतीय वेळेनुसार २० मार्चला दुपारी २ वाजून ३१ मिनिटांनी आला, २०२६ चा क्षण २० मार्चला रात्री ८ वाजून १६ मिनिटांचा, आणि २०२७ चा २१ मार्चला पहाटे १ वाजून ५५ मिनिटांचा. ऋतुचक्राचे वर्ष ३६५ दिवसांपेक्षा जवळजवळ पावणेसहा तासांनी मोठे असल्यामुळे दर वर्षी हा क्षण तितका पुढे सरकतो आणि लीप वर्ष आले की एकदम मागे खेचला जातो. म्हणून २०२८ मध्ये तो पुन्हा २० मार्चला, सकाळी ७ वाजून ४७ मिनिटांनी येईल. लीप वर्षांची भरपाई गरजेपेक्षा किंचित जास्त होते, त्यामुळे शतकभरात ही तारीख हळूहळू अलीकडे येते. विसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात आपल्याकडे ती २१ मार्च हीच होती. पाठ्यपुस्तकातली तारीख तिथून आलेली आहे आणि ती पुढच्या आवृत्त्यांत तशीच राहून गेली आहे.

आता दिवसाची लांबी. सूर्य हा बिंदू असता आणि पृथ्वीला वातावरण नसते, तर विषुवदिनी ध्रुव वगळता सर्वत्र दिवस बारा तासांचाच भरला असता. प्रत्यक्षात आपण सूर्योदय मोजतो तो बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसते त्या क्षणापासून, आणि सूर्यास्त मोजतो तो वरची कड दिसेनाशी होते त्या क्षणापर्यंत. बिंबाची त्रिज्या १६ कला असते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे बिंबाचे केंद्र अजून १६ कला क्षितिजाखाली असतानाच आपण ‘सूर्य उगवला’ असे म्हणतो. शिवाय क्षितिजालगतचा प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून वाकून येतो आणि या अपवर्तनामुळे बिंब सुमारे ३४ कला वर उचललेले दिसते. दोन्ही मिळून ५० कला झाल्या. प्रमाणित वेळापत्रकात सूर्योदय म्हणून जी वेळ दिलेली असते, तेव्हा सूर्याचे केंद्र भूमितीने पाहता क्षितिजाच्या ५० कला खालीच असते.

आकाश एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून ५० कलांना ३ मिनिटे २० सेकंद. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेअठरा अंशांवर, सूर्य क्षितिजाला काटकोनात न उगवता थोडा तिरका वर चढतो, त्यामुळे हा काळ साडेतीन मिनिटांच्या घरात जातो. सकाळचे साडेतीन आणि संध्याकाळचे साडेतीन मिळून सात मिनिटे होतात, आणि मुलांना १२ तासांच्या वर मिळालेली सात मिनिटे ती हीच. मार्चमध्ये पुण्याचा दिवस रोज एक मिनिट आणि तीन-चार सेकंदांनी वाढतो. तेव्हा ही सात मिनिटे वजा करायला साधारण साडेसहा दिवस मागे जावे लागते, आणि आपण १४ मार्चच्या आसपास पोहोचतो. त्या दिवशी पुण्यात सूर्योदयाची वेळही ६ वाजून ४४ मिनिटे आणि सूर्यास्ताचीही ६ वाजून ४४ मिनिटे, अशी गमतीशीर जोडी मिळते.

समान दिवस-रात्रीची ही तारीख गावागणिक बदलते, आणि म्हणूनच ती विषुवदिनाची व्याख्या होऊ शकत नाही. दक्षिणेकडे जावे तसा दिवस रोज कमी वाढतो आणि सात मिनिटे भरून काढायला जास्त दिवस लागतात. पणजीला ही समानता १२-१३ मार्चला येते, नागपूरला १४-१५ मार्चला, दिल्लीला १६ मार्चच्या सुमारास आणि लंडनला १७-१८ मार्चला. तिरुवनंतपुरमला ती मार्चच्या पहिल्या आठवड्यातच येऊन जाते. नेमक्या विषुववृत्तावर तर ती कधीच येत नाही, कारण तिथला दिवस वर्षभर १२ तास आणि सात मिनिटांच्या आसपासच राहतो. सप्टेंबरमध्ये हाच प्रकार उलटा होतो आणि समान दिवस शरदसंपातानंतर, म्हणजे सूर्य खगोलीय विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे गेल्यानंतर, काही दिवसांनी येतो.

इथे परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टींचाही उल्लेख केला पाहिजे. ३४ कला हे अपवर्तनाचे सरासरी मूल्य आहे. हवेचे तापमान आणि दाब यांनुसार ते बदलते, आणि कोकणात समुद्रावर सूर्यास्त पाहताना वेळापत्रकाशी काही सेकंदांचा, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. पूर्वेला डोंगर असलेल्या गावात दिसणारा सूर्योदय वेळापत्रकातल्या सूर्योदयाशी जुळणारच नाही. पारंपरिक पंचांगगणितात अपवर्तन न धरता बिंबाच्या केंद्राचा उदय घेतात, आणि त्या रीतीने विषुवदिनाचे दिनमान बरोबर ३० घटी, म्हणजे १२ तास येते. तेव्हा मुलांनी दोन ठिकाणांहून वेळा घेतल्या आणि त्या जुळल्या नाहीत, तर कोणीतरी चुकले असे लगेच ठरवू नये. दोघांची सूर्योदयाची व्याख्या एकच आहे का, हे आधी पाहावे.

घड्याळ विषुवदिन दाखवत नाही, तर दाखवते काय? माझे उत्तर आहे, सावली. मी अनेक वर्षे शाळांमध्ये शंकूचे, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीचे, प्रयोग मांडून देतो आणि पंचांगगणित शिकवतो, त्यामुळे हा भाग थोडा विस्ताराने सांगतो.

एक मीटर उंचीची सरळ काठी सपाट जमिनीवर उभी करावी आणि सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. वर्षातल्या बहुतेक दिवशी या खुणा जोडल्यावर वक्ररेषा मिळते. विषुवदिनी मात्र त्या एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा अचूक पूर्व-पश्चिम असते, कारण त्या दिवशी सूर्य खगोलीय विषुववृत्तावरूनच फिरतो. काठीच्या बुडापासून त्या रेषेचे अंतर म्हणजेच माध्यान्हीच्या सावलीची लांबी, आणि ती केवळ आपल्या अक्षांशावर ठरते. एक मीटरच्या काठीसाठी ती पुण्यात साडेतेहेतीस सेंटीमीटर, मुंबईत सुमारे साडेचौतीस आणि नागपुरात पावणेएकोणचाळीस सेंटीमीटर येते. माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत हे मुलांना बजावून सांगावे लागते; २० मार्चला पुण्यात सूर्य याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो तो १२ वाजून ४२ मिनिटांनी. विषुवदिनी सावली नाहीशी होते असाही समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तसे फक्त विषुववृत्तावर होते; पुण्याचा शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस येतो.

आपल्या जुन्या गणितात ही माध्यान्हीची विषुवछाया मूलभूत राशी होती. बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी माध्यान्ही पडणारी सावली म्हणजे त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा जवळपास चार अंगुळे येते आणि उज्जैनची पाचांहून थोडी अधिक. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास रचलेल्या ग्रहलाघव या ग्रहगणिताच्या ग्रंथात पलभेला १०, ८ आणि १०/३ यांनी गुणून चरखंडे, म्हणजे सूर्य एकेक रास पुढे जाताना सूर्योदयाच्या वेळेत पडणारे फरक, काढण्याची रीत दिलेली आहे, आणि ती आजही कागद-पेन्सिलीने करून पाहण्याजोगी आहे. पलभा चार धरली तर पहिले चरखंड ४० पळे, म्हणजे १६ मिनिटे. याचा अर्थ, संपातानंतर सूर्य तीस अंश पुढे जाईपर्यंत सूर्योदय १६ मिनिटे अलीकडे येतो आणि सूर्यास्त १६ मिनिटे पलीकडे जातो, म्हणजे महिन्याभरात दिवस ३२ मिनिटांनी वाढतो. रोजची वाढ एका मिनिटाहून किंचित जास्त. वर आधुनिक गणिताने जो आकडा काढला तोच हा. एका काठीच्या सावलीवरून पाचशे वर्षांपूर्वी तो मिळत होता, हे मुलांना फळ्यावर करून दाखवावे. वर्गातल्या सगळ्यांत गप्प मुलाचाही हात वर येतो.

या प्रयोगातून विषुवदिन किती अचूक सापडतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. संपाताच्या सुमारास सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर) दिवसाला जवळजवळ २४ कलांनी, म्हणजे ताशी एका कलेने बदलते, आणि त्यामुळे एक मीटरच्या काठीची माध्यान्हीची सावली रोज पाऊण सेंटीमीटरने आखूड होते. पण सूर्य अर्ध्या अंशाचा असल्यामुळे सावलीचे टोकच जवळपास एक सेंटीमीटर धूसर असते. केवळ रेषा सरळ आली की नाही यावर विसंबून राहिले तर आणखी अडचण होते. संपात पाच दिवसांनी चुकला असेल, तर माध्यान्हीच्या आधी आणि नंतर तीन-तीन तासांत रेषा दीड सेंटीमीटर वाकते आणि ते ओळखू येते. एकाच दिवसाने चुकला असेल तर वाक तीन मिलिमीटरचाच असतो आणि तो त्या धूसर कडेत हरवून जातो. संपातापूर्वी रेषेची दोन्ही टोके काठीपासून दूर वळतात आणि संपातानंतर काठीकडे वळतात, एवढी दिशा मात्र लक्षात ठेवावी.

यावर मी वापरतो तो उपाय साधा आहे. काठीच्या टोकाला पाच मिलिमीटरचे भोक पाडलेला पुठ्ठा आडवा लावावा. मग सावलीत सूर्याची एक उजळ, लांबट प्रतिमा पडते. तिच्या दोन्ही कडा पेन्सिलीने आखून मध्यबिंदू घेतला की एक-दोन मिलिमीटरपर्यंत अचूकता मिळते. मोजमापही काठीच्या बुडापासून न करता त्या भोकातून सोडलेला ओळंबा जिथे जमिनीला टेकतो तिथून करावे. काठी एका अंशाने कलली तर टोक पावणेदोन सेंटीमीटर सरकते, म्हणजे उत्तरात दोन दिवसांहून जास्त चूक शिरते. फरशी समतल आहे की नाही हेही पाणसळ ठेवून पाहावे. शाळेच्या गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि बहुतेक प्रयोग त्या उतारावरच फसतात. १५ मार्चपासून २५ मार्चपर्यंत रोजच्या माध्यान्हीचे अंतर आलेखावर मांडावे. त्या रेषेने आपल्या अक्षांशाचे अंतर, पुण्यासाठी साडेतेहेतीस सेंटीमीटर, ज्या तारखेला ओलांडले ती संपाताची तारीख. नीट केले तर उत्तर सहा-आठ तासांच्या फरकाने बरोबर येते. एखाद-दुसऱ्या दिवशी ढग आले तरी आलेख अडत नाही, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे.

सहल काढणे शक्य असेल तर उज्जैनच्या वेधशाळेतले नाडीवलय यंत्र अवश्य दाखवावे. सवाई जयसिंगांनी उभारलेल्या आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात जीर्णोद्धार झालेल्या या वेधशाळेत विषुववृत्ताला समांतर अशी एक तबकडी आहे. वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत तिच्या उत्तर बाजूवर ऊन पडते आणि उरलेल्या काळात दक्षिण बाजूवर. कोणत्याही गणिताशिवाय ‘सूर्य उत्तर गोलार्धात आला’ हे वाक्य तिथे उघड्या डोळ्यांनी वाचता येते.

आता आजोबांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तोही निराधार नाही. संपातबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर नसतो. पृथ्वीचा अक्ष अत्यंत संथपणे डुलतो, एका फेऱ्याला जवळजवळ २६,००० वर्षे घेतो, आणि त्यामुळे संपातबिंदू दर वर्षी सुमारे ५० विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), म्हणजे ७२ वर्षांत एक अंश, पश्चिमेकडे सरकतो. चित्रा ताऱ्यावरून राशींचा आरंभ ठरवणाऱ्या चित्रापक्षाच्या गणनेनुसार निरयन मेषेचा आरंभ आणि वसंतसंपात इसवी सन २८५ च्या सुमारास एकत्र होते. त्या काळी मेष संक्रांत हाच विषुवदिन होता, आणि आजोबा जे सांगतात ते तेव्हा अक्षरशः खरे होते. तेव्हापासून दोघांत २४ अंशांहून थोडे जास्त अंतर पडले आहे, त्यालाच अयनांश म्हणतात. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून संपातानंतर सुमारे चोवीस-पंचवीस दिवसांनी, १४ एप्रिलच्या आसपास मेष संक्रांत येते. आज वसंतसंपात मीन राशीत, उत्तरा भाद्रपदा नक्षत्राच्या पहिल्या चरणात आहे. अयनांश किती धरावा यावर महाराष्ट्रातच एकमत नाही: टिळक पंचांग रेवतीपक्षाचे, म्हणजे रेवती ताऱ्यावरून तो आरंभ ठरवणारे, असल्यामुळे त्याच्या संक्रांती इतर पंचांगांपेक्षा सुमारे चार दिवस आधी येतात. मतभेद निरयन मेषेचा आरंभ कुठे मानावा याबद्दल आहे. वसंतसंपाताच्या क्षणाबद्दल कोणत्याही पक्षाचा वाद नाही, कारण तो आकाशात मोजता येतो. ग्रहलाघवातही पलभा काढायची ती सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेला, सूर्य मेषारंभी असताना, असेच स्पष्ट सांगितले आहे. निरयन संक्रांतीच्या दिवशी मोजलेली सावली पलभा म्हणून चालत नाही, हे त्या काळच्या गणितज्ञांना पुरते ठाऊक होते.

म्हणून वर्गात ‘विषुवदिन २० मार्च, काही वर्षी २१ मार्च, पुण्यात समान दिवस-रात्र १४ मार्चच्या सुमारास, निरयन मेष संक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास’ असे तिन्ही सांगावे आणि प्रत्येकाचे कारण वेगळे ठेवावे. गुढीपाडव्याचा प्रश्न मुले हमखास विचारतील. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला येत असल्यामुळे दोन्ही जोडून आल्यासारखे वाटेल, पण पाडवा चांद्रमासावर ठरतो; २०२५ मध्ये तो ३० मार्चला होता आणि २०२४ मध्ये ९ एप्रिलला. संपाताशी प्रत्यक्ष बांधलेली दिनदर्शिका हवी असेल तर ती भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून ती २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून लागू झाली. तिचा १ चैत्र संपाताच्या दुसऱ्या दिवसाला धरून दर वर्षी २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो. वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचे तिचे पाच महिने सलग ३१ दिवसांचे आहेत. त्याचे कारण असे: जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने चालते, जुलैत दूर असते आणि संथ चालते, त्यामुळे वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत १८६ दिवस लागतात आणि परतीच्या अर्ध्या वर्षाला केवळ १७९. दोन्ही विषुवदिनांना शंकूचा प्रयोग केला, तर हा सात दिवसांचा फरक मुलांना स्वतःच्या वहीतल्या दोन तारखांमधून मोजता येईल.